नदीकाठच्या झाडाचे वर्ष: प्रस्तावना

सिकमोर म्हणजे नेमके कोणते झाड, हे आधीच सांगून टाकलेले बरे; कारण या नावावर तीन निरनिराळ्या झाडांचा हक्क आहे. बायबलमध्ये येणारा सिकमोर आपल्या उंबराचा भाऊबंद आहे, तर इंग्लंडमधले लोक ज्याला सिकमोर म्हणतात तो मेपलच्या जातीचा. या पुस्तकाचा विषय आहे तो तिसरा सिकमोर: उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात नद्यानाल्यांच्या काठाने वाढणारा प्लॅटेनस ऑक्सिडेंटॅलिस. त्याच्या जोडीला त्याचे दोन जवळचे नातेवाईकही येतील. एक काश्मीरचा चिनार, म्हणजे प्लॅटेनस ओरिएंटॅलिस. आणि दुसरा या दोघांच्या संकरातून जन्मलेला, युरोपच्या शहरांत रस्तोरस्ती दिसणारा लंडन प्लेन. मराठी वाचकाला यांतला चिनार तेवढा ओळखीचा असतो, कारण काश्मीरच्या सहलीहून परतताना वहीत दाबून आणलेले त्याचे पान बऱ्याच घरांत सापडते. या झाडांच्या कुळात आज प्लॅटेनस ही एकच प्रजाती उरली आहे आणि तिच्यात जेमतेम आठ-दहा जाती आहेत. कुळाबाहेरचे सोयरे तर डोळ्यांना पटणारच नाहीत असे आहेत. जनुकीय पुराव्यानुसार सिकमोरच्या सर्वांत जवळ येतात ते आपल्या तळ्यातले कमळ आणि आपल्याकडे रस्त्याकडेला व कॉफीच्या मळ्यांत लावला जाणारा सिल्व्हर ओक.

पानझडी झाडाची गोष्ट सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. वसंतात पालवी, उन्हाळ्यात सावली, शरदात रंग आणि हिवाळ्यात उघड्या फांद्या. या गोष्टीत थंडी ही कर्ती असते आणि झाड बिचारे सोसणारे. सिकमोरच्या बाबतीत ही मांडणी मला अपुरी वाटते. थंडी आणि दिवसाची लांबी यांनी या झाडाचे वेळापत्रक ठरवले असेल, नव्हे ठरवलेच आहे. पण त्या वेळापत्रकात जे घडते त्याचा स्वभाव घडवला तो नदीने. एवढे मोठे पान परवडते कसे, ते वसंतात इतक्या उशिरा का येते, आलेली पालवी एखाद्या वर्षी सगळीच्या सगळी मेली तरी झाड का मरत नाही, फळे हिवाळाभर फांदीवर लटकत राहून ऐन वसंताच्या तोंडावरच का फुटतात, गळालेले पान कुजायला इतका वेळ का घेते, यांतल्या एकाही प्रश्नाला नुसती थंडी पुरेसे उत्तर देत नाही. पुराच्या गाळात जन्मणारे, पाण्याला चटावलेले आणि दर काही वर्षांनी मोडतोड सोसणारे झाड म्हणून सिकमोरकडे पाहिले, तर यांतली बहुतेक कोडी सुटतात. सगळी सुटत नाहीत. जी सुटत नाहीत त्यांचाही विचार पुढे येईल.

आधी झाडाची अंगलट पाहू. पूर्व अमेरिकेच्या रुंदपर्णी वृक्षांत खोडाच्या घेराबाबत सिकमोरला तोड नाही. उंची 30 ते 40 मीटर, आणि जुन्या झाडाच्या बुंध्याचा व्यास तीन मीटरच्या पुढे. जॉर्ज वॉशिंग्टन 1770 च्या नोव्हेंबरमध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यात जमिनीची पाहणी करत फिरत होते. तेव्हा त्यांनी रोजनिशीत नदीपासून थोड्या अंतरावरच्या एका सिकमोरचा घेर मोजून लिहून ठेवला आहे: जमिनीपासून तीन फुटांवर 45 फुटांना फक्त दोन इंच कमी. ही झाडे म्हातारपणी आतून पोकळ होतात. 1764 ते 1767 या काळात सैन्यातून पळालेले जॉन आणि सॅम्युअल प्रिंगल हे दोघे भाऊ आजच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या बकहॅनन नदीकाठी अशाच एका पोकळ सिकमोरमध्ये राहिले होते. घरांना धुराडी येण्यापूर्वी तिथल्या पाकोळ्यांची घरटीही या ढोल्यांतच असत. खोड पोकळ झाले म्हणून झाड अधू होत नाही. अन्नपाणी वाहून नेणारे थर बाहेरच्या कडेला असतात, आणि पुराच्या धक्क्यात पोकळ नळी भरीव खांबाला हार जाते असेही नाही. पान हाताच्या पंजाच्या आकाराचे, तीन किंवा पाच खंडांचे, सहज 15 ते 20 सेंटिमीटर रुंद. जोमदार कोवळ्या फांदीवर त्याहूनही मोठे. फळ म्हणजे लांब देठावर लोंबणारा एक गोल गेंद, शेकडो बारीक बियांचा. अमेरिकन सिकमोरला देठावर बहुधा एकच गेंद असतो, चिनारला तीन ते सहा, आणि संकरित लंडन प्लेनला साधारण दोन. ओळख पटवण्याची ही खूण पानापेक्षा भरवशाची, कारण पानांचे आकार एकाच झाडावरही बदलतात.

साल हा या झाडाचा सर्वांत ठळक विशेष. बहुतेक झाडांची बाहेरची साल खोड जाड होत जाईल तशी ताणली जाते, भेगाळते आणि खडबडीत होऊन अंगावरच राहते. सिकमोरच्या सालीत ही ताणण्याची ताकद फारच कमी. त्यामुळे ती उन्हाळ्यातल्या वाढीच्या दिवसांत मोठमोठ्या ढलप्यांनी सुटून पडते आणि खालून हिरवट, पिवळसर, शेवटी दुधासारखा पांढरा थर उघडा पडतो. वरच्या फांद्या तर जवळजवळ चुनाच फासल्यासारख्या दिसतात. हिवाळ्यात पाने नसताना ओहायोच्या किंवा मिसिसिपीच्या खोऱ्यात एखाद्या टेकडीवरून खाली पाहिले, तर पांढऱ्या फांद्यांच्या वेड्यावाकड्या रांगेवरून ओढा कुठून जातो ते कळते. आपल्याकडचा नदीकाठचा अर्जुनही असाच साल टाकून फिक्या अंगाने उभा असतो. दोघांचे कुळ वेगळे, खंड वेगळा, राहणे मात्र सारखे. या साम्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. उघड्या सालीखालच्या हरितद्रव्याने पाने नसतानाही थोडेबहुत अन्न तयार होते, एवढे मात्र नोंदवायला हवे. कारण जे झाड वर्षातून सहा महिने आणि वाईट वर्षी त्याहून अधिक काळ बिनपानांचे राहते, त्याला ही मिळकत अगदीच नगण्य नसावी.

वर्षाची सुरुवात कुठून मोजायची? मी फळापासून मोजतो, कारण नदीचा हात तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. शरदात पिकलेले गेंद हिवाळाभर उघड्या फांद्यांवर राहतात आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत फुटत जातात. प्रत्येक बीला बुडाशी ताठ केसांचा झुपका असतो. त्यावर ती वाऱ्याने उडते आणि पाण्यावर तरंगते. याच दिवसांत बर्फ वितळून आणि वसंताच्या पावसाने आलेले पूर ओसरू लागतात आणि काठावर ओला, उघडा, गवताचे पातेही नसलेला गाळ मागे राहतो. सिकमोरच्या बीला हेच हवे असते. सावलीत, पालापाचोळ्याखाली ती रुजत नाही. शरदातच गळून पडली असती, तर हिवाळ्याच्या पुरांनी ती कुठल्या कुठे नेली असती, किंवा वसंतात वर येणाऱ्या नव्या गाळाखाली ती गाडली तरी गेली असती. फळांनी अंगावरच थांबणे हा आळस नाही.

पालवी त्यानंतर येते, आणि आजूबाजूच्या मेपल-एल्मच्या मानाने उशिरा येते. कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या केसांची दाट, तांबूस-पांढरी लव असते. ऊन, कीड आणि कोरडा वारा यांपासून कोवळ्या पानाचे रक्षण होईपर्यंत ती टिकते आणि मग झडते. हवेत उडालेली ही लव घशात गेली की खोकला येतो. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीज या ग्रीक वैद्यानेही ती कानाडोळ्यांना बाधते असे लिहून ठेवले आहे, म्हणजे प्लेनच्या झाडांविषयीची नागरिकांची तक्रार नगरपालिकांहून जुनी आहे. पण पालवीवरचे खरे संकट वेगळेच. अँथ्रॅक्नोज नावाचा बुरशीजन्य रोग हिवाळाभर फांद्यांत दबा धरून असतो आणि डोळे फुटले की उठतो. पहिली पाने फुटल्यानंतरच्या दोनेक आठवड्यांत हवेचे सरासरी तापमान 12-13 अंश सेल्सियसच्या खाली राहिले, तर कोवळे कोंब काळे पडून सरसकट मरतात. तेच 16 अंशांच्या वर असेल, तर रोग जवळजवळ दिसतच नाही. कारण असे की उबेत कोंब बुरशीपेक्षा भराभर वाढतो, गारठ्यात बुरशी त्याला गाठते. थंड, ओल्या वसंतानंतर अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस सगळे रान हिरवे असताना सिकमोर तेवढे वाळल्यासारखे उभे असतात. नवखा माणूस झाड मेले म्हणून तोडायला निघतो. जून उजाडतो आणि राखीव डोळ्यांतून दुसरी पालवी येते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नदीने या झाडाला इतके घडवले असेल, तर नदीकाठच्याच थंड, दमट हवेत फोफावणाऱ्या रोगापुढे ते इतके दुबळे का? चिनार तर या रोगाला बराच दाद देत नाही, मग अमेरिकन सिकमोरलाच ते का जमू नये? माझे उत्तर असे की नदीकाठचे झाड हानी टाळायला शिकत नाही, हानी भरून काढायला शिकते. पुरात वाहून आलेले ओंडके बुंधा सोलतात, बर्फाचे तुकडे कोवळी खोडे मोडतात, गाळ निम्मे झाड गाडतो. सिकमोर तुटले की बुंध्यातून पुन्हा फुटते, गाडले गेले की खोडातून नवी मुळे सोडते. हेच राखीव डोळे, हाच अन्नसाठा वसंतातल्या बुरशीविरुद्धही वापरला जातो. रोगाची किंमत झाड देते, नाही असे नाही: वाढ खुंटते, आणि कोंब मेल्याने फांद्या गाठाळ, कोपऱ्याकोपऱ्यांनी वळलेल्या होतात. पण ज्या झाडाकडे मोडतोडीची तरतूद आधीपासूनच आहे, त्याच्यावर रोगाला पूर्ण अटकाव करण्याचे दडपण कमी असणार. हे अनुमान आहे, सिद्धांत नाही. तरी रोगाने दरवर्षी पाने गमावणारी झाडे दोन-तीन शतके जगतात हे तथ्य त्याच्या बाजूने आहे.

आता पानाच्या देठाकडे येऊ, कारण या झाडाचे वर्ष समजायचे तर सगळी मेख तिथे आहे. सर्वसाधारण झाडात पुढच्या वर्षीचा डोळा देठाच्या आणि फांदीच्या बेचक्यात उघडा दिसतो. माळी कलमासाठी तोच निवडतो. सिकमोरच्या फांदीवर उन्हाळ्यात असा डोळा शोधू गेलात तर सापडत नाही. देठाचे बूड फुगीर आणि आतून पोकळ असते आणि डोळा त्या पोकळीत पूर्णपणे झाकलेला असतो, टोपी घातल्यासारखा. पान ओढून काढले की देठाच्या बुडाशी शंकूच्या आकाराची पोकळी दिसते आणि फांदीवर तिच्या मापाचा टोकदार डोळा. फांदीवरचा देठाचा व्रण त्यामुळे डोळ्याभोवती जवळजवळ पूर्ण कड्यासारखा उमटतो. हिवाळ्यात सिकमोर ओळखायची ती एक खात्रीची खूण. म्हणजे जूनमध्ये, पान ऐन भरात असतानाच, पुढच्या वसंतातली पालवी त्याच्या देठात तयार होत असते. तिला उघडे होण्यासाठी या पानाने गळणे भागच आहे. पानगळ हा वर्षाचा शेवट मानण्याची सवय इथे टिकत नाही. डोळ्याच्या बाजूने पाहिले तर पान हे त्याचे पांघरूण आहे, आणि पांघरूण काढण्याची वेळ ठरलेली आहे.

ही वेळ ठरवतो कोण? इथे मी थंडीला आणि उजेडाला त्यांचा वाटा प्रामाणिकपणे देतो. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ, कमकुवत थर तयार होतो, त्याच्या फांदीकडच्या बाजूला बुचासारखा संरक्षक थर बसतो आणि वाऱ्याच्या झुळकेने पान सुटते. तत्पूर्वी हरितद्रव्य मोडले जाते आणि पानातल्या प्रथिनांमधला नत्र फांदीत परत घेतला जातो; पानझडी झाडे साधारणपणे पानातला निम्मा नत्र असा वाचवतात. दिवसाच्या लांबीचा प्रभाव किती खरा आहे, याचा पुरावा शहरानेच दिला. कोलंबिया विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन माट्झके यांनी 1936 मध्ये दाखवले की रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या फांद्यांवर पाने जास्त दिवस टिकतात, आणि त्यांच्या निरीक्षणातल्या झाडांत लंडन प्लेन होता. एकाच झाडाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि अंधारातली बाजू उघडी. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. उलट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, जिथे हिवाळा सौम्य असतो, तिथला सिकमोर वाळकी तपकिरी पाने डिसेंबर-जानेवारीपर्यंत अंगावर ठेवतो. म्हणजे सूचना उजेड देतो आणि तिची अंमलबजावणी किती चोख व्हावी हे थंडी ठरवते. आपल्या दख्खनच्या पानगळीत हे दोघेही दुय्यम ठरतात. साग, पळस, सावर पाने टाकतात ती जमिनीतली ओल संपल्यावर, आणि नवी पालवी येते ती भर उन्हाळ्यात, पावसाची वाट न पाहता. म्हणून आपल्या मनातली पानगळ शिशिरातली, कोरडी. सिकमोरची पानगळ ओल्या जमिनीवर होते, पायथ्याशी पाणी वाहत असताना.

माझ्या मांडणीला सर्वांत मोठा धक्का देणारे झाड लाओस आणि व्हिएतनाममध्ये आहे. प्लॅटेनस केरी या जातीची पाने लांबट, बिनखंडांची, आणि ते झाड सदाहरित आहे. वाढते तेही ओढ्यानाल्यांच्या काठीच. मग नदी सगळीकडे सारखीच असताना एकीने पाने टाकावीत आणि दुसरीने टाकू नयेत, हे कसे? यावरून नदी पानगळ घडवत नाही, हे मान्यच करावे लागते, आणि मी ते करतो. पण केरी या जातीत आणखी एक गोष्ट वेगळी आहे: तिचा डोळा देठाच्या पोकळीत झाकलेला नसतो, बेचक्यात उघडा असतो. वंशवृक्षात ही जात बाकी सर्व सिकमोरांपासून फार पूर्वी वेगळी झालेली फांदी आहे. डोळा झाकणारा देठ आणि दरवर्षीची पानगळ या दोन गोष्टी उत्तरेकडच्या जातींत एकत्र आढळतात, आणि दोन्ही नसलेली जात उष्ण प्रदेशात आढळते. एका उदाहरणावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि झाकलेले डोळे इतर काही कुळांतही आहेत. तरीही माझ्या मते नदीचा आणि हिवाळ्याचा वाटा वेगळा काढायला हीच तुलना सर्वांत उपयोगी आहे. काठ, मोठे पान, फुटण्याची ताकद ही जुनी ठेव. पान टाकण्याची शिस्त उत्तरेत आल्यावरची भर.

जुनी ठेव म्हणताना मी किती जुनी म्हणतो आहे? सिकमोरच्या पूर्वजांची पाने दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत, डायनोसॉरांच्या काळात, सापडतात. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या पोटोमॅक गटाच्या थरांचा अभ्यास करून लिओ हिकी आणि जेम्स डॉइल यांनी 1977 मध्ये सपुष्प वनस्पतींच्या आरंभाची जी मांडणी केली, तिच्यात सिकमोरसारख्या पानांची झाडे प्रवाहांच्या काठची म्हणून येतात. यावर चतुर वाचक लगेच म्हणेल की पान जीवाश्म होते तेच मुळी पाण्याजवळ, डोंगरमाथ्यावरचे पान गाळात पोचतच नाही. मग नदीकाठचा हा पुरावा म्हणजे जपणुकीचा पक्षपात नव्हे का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण नेमका लागू पडत नाही. पाण्याने जपलेले सगळे थर एकाच जातीचे नसतात. तळ्याच्या चिखलात, दलदलीत आणि प्रवाहाच्या वाळूत वेगवेगळी पाने सापडतात, आणि ही पाने प्रवाहाच्या आणि काठाच्या वाळूच्या थरांत ठळकपणे जास्त येतात. तुलना पाण्याची आणि कोरड्याची नाही, एका पाण्याची दुसऱ्या पाण्याशी आहे.

काश्मीरचे काय? तिथला चिनार रानात नदीकाठी उगवलेला नसतो. तो बागांत, दर्ग्यांच्या आणि मंदिरांच्या आवारात, गावच्या पारावर असतो, आणि बहुतेक लावलेला असतो. तो खोऱ्यात मूळचा की मध्य आशियातून आलेला, याविषयी वाद आहेत. श्रीनगरची नसीम बाग, दल सरोवरातले चार चिनारांचे बेट, विजबिहाडाच्या जुन्या बागा यांचे श्रेय मोगलांना दिले जाते, आणि बडगाम जिल्ह्यातल्या छत्तरगामच्या चिनाराची लागवड परंपरा 1374 इतकी मागे नेते, म्हणजे मोगलांच्याही आधी. पण या बागा कुठे आहेत ते पाहा. झऱ्यांच्या मुखाशी, पाटांच्या कडेने, सरोवराच्या आणि वितस्तेच्या काठाने. माळ्यांनी झाड हलवले, पण त्याला पाण्याजवळच ठेवले. ग्रीस आणि इराणमध्ये, जिथे हाच वृक्ष आपोआप वाढतो, तिथे तो घळींतल्या ओढ्यांचा वृक्ष आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस ज्या प्लेनच्या सावलीत बसतो ते झाडही अथेन्सबाहेर इलिसोस नदीच्या काठचेच.

चिनाराच्या लाल रंगावर इतके लिहिले गेले आहे की इथे थोडेच पुरे. पिवळा रंग पानात आधीपासून असतो आणि हरितद्रव्य गेले की दिसू लागतो. लाल रंग मात्र शरदात नव्याने तयार केला जातो, आणि तो तयार करायला साखर खर्च होते. टाकून द्यायच्या पानावर हा खर्च का, यावर दोन तर्क आहेत. एक, नत्र परत घेतला जात असताना दुबळ्या पडलेल्या पेशींना उन्हापासून आडोसा म्हणून. दुसरा, विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांचा 2001 मधला, की हा माव्यासारख्या किडींना दिलेला इशारा आहे. मला पहिला अधिक पटतो, कारण काश्मीरच्या ऑक्टोबरअखेरीस उजळ ऊन आणि गार रात्री एकत्र येतात आणि रंग तेव्हाच चढतो. अमेरिकन सिकमोर मात्र पिवळा-तपकिरी होऊनच पाने टाकतो, आणि त्याचे काही अडत नाही. म्हणून रंगाला पानगळीचा गाभा समजू नये. काश्मीरमध्ये या ऋतूला हरुद म्हणतात, आणि लोकांना त्यात रंगापेक्षा जळण अधिक दिसत आले आहे. वाळलेली पाने झाडून गोळा करायची, पेटवायची, पाणी शिंपडून विझवायची, आणि झालेला हलका कोळसा हिवाळ्यात कांगडीत भरायचा.

पान जळणाला सोयीचे, कारण ते लवकर कुजत नाही. लिग्निन आणि टॅनिन यांनी ते चिवट झालेले असते. अमेरिकेतल्या ओढ्यांवर काम करणाऱ्या संशोधकांनी पाण्यात पडलेल्या पानांची शीघ्र, मध्यम आणि मंद कुजणारी अशी वर्गवारी केली, त्यात सिकमोर मंद गटात जातो. काठावरच्या इतर झाडांची मऊ पाने हिवाळ्यातच बुरशीने आणि पाने कुरतडणाऱ्या किड्यांच्या अळ्यांनी संपवलेली असतात. सिकमोरची पाने वसंतातही, कधी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, खडकांना अडकून राहतात आणि त्या अळ्यांना अन्न पुरवतात. झाडाने हे ओढ्यासाठी केले असे कुणी म्हणू नये. चिवट पान उन्हाळाभर कीड सोसण्यासाठी आहे. ओढ्याचा फायदा आनुषंगिक. पण नदीने झाड घडवले, हे म्हणताना झाडही नदीतल्या जगण्याचे वेळापत्रक थोडेसे बदलते, ही दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अर्धे राहील.

शेवटचा आक्षेप शहराचा. लंडनच्या फरसबंदीत, पॅरिसच्या रस्त्यांवर नदी कुठे आहे? बर्कली स्क्वेअरमधले प्लेन 1789 मध्ये लावले गेले आणि कोळशाच्या धुराची दीड शतके पचवून आजही उभे आहेत. लोकप्रिय स्पष्टीकरण असे की साल टाकून हे झाड काजळी झटकते, जणू त्यासाठीच ते साल टाकते. पण सालीचा हा गुण शहरांच्या कितीतरी आधीचा, आणि निर्मनुष्य खोऱ्यातला सिकमोरही तेवढीच साल टाकतो. शहरात त्याला टिकवतो तो मुळांचा स्वभाव. रस्त्याखालची दाबलेली, प्राणवायूची टंचाई असलेली माती आणि पुरानंतर बसलेला घट्ट, पाण्याने भरलेला गाळ, या दोन्हींत मुळांपुढचा प्रश्न एकच आहे. छाटणीला तो दाद देतो, कारण पुराने मोडण्याची त्याला सवय आहे. शहराने नदीचेच काही गुण नकळत उचलले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पाण्याशी हे नाते झाडाच्या जिवावरही उठते. दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीच्या दोन्ही काठांवर सुमारे 42,000 प्लेन होते. तिथे 2006 मध्ये सेरॅटोसिस्टिस या बुरशीचा रोग आढळला. एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून आणि कालव्याच्या पाण्यातून तो पसरत गेला, आणि बाधित झाडे हजारोंनी तोडून जाळावी लागली. दुसरीकडे अॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात, जिथे सिकमोर वाळवंटी मुलखातही ओढ्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात तग धरून होते, धरणांनी पूर अडवले. तिथली जुनी झाडे वेळेवर पालवतात, वेळेवर पाने टाकतात, गेंदही वेळेवर फुटतात. पण बी पडायला ओला, उघडा गाळ नसतो आणि रोपे क्वचितच उभी राहतात. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात तर शहरांत लावलेल्या लंडन प्लेनचे परागकण वाऱ्याने नदीकाठापर्यंत पोचतात, आणि जी थोडी रोपे रुजतात त्यांतली काही आता स्थानिक जातीची नसतात, संकरित असतात. त्यांची पाने कधी येणार आणि कधी गळणार, हे दोन्ही पालकांकडून थोडे थोडे ठरेल. पुस्तकातले शेवटचे प्रकरण त्या रोपांविषयी आहे.